ड्यू बॉइस यांचं दफ्तर : काही महिने वापरल्यावर

आमच्याकडच्या एका ग्रंथालयात जुनी फाईल बघायची तर शिफारसपत्र आणा, अनामत भरा, झेरॉक्सचे पैसे पानामागे वेगळे. सगळं केल्यावर कळलं, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. त्या संतापात अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत आणि नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्या कागदांकडे वळलो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठानं ॲम्हर्स्टहून ते स्कॅन करून फुकट वाचायला ठेवलेत. अर्धे गुण तिथेच दिले.

अटलांटा विद्यापीठात इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवणाऱ्या या गृहस्थांनी काही टाकून म्हणून दिलेलं दिसत नाही. नुसता पत्रव्यवहारच लाखाच्या घरात. बिलंसुद्धा आहेत! सुरुवातीला तीच समोर यायची आणि चिडचिड व्हायची.

पण माझं खरं भांडण कार्बन कॉप्यांशी. आलेली पत्रं स्वच्छ, यांची उत्तरं मात्र कार्बनवरची, म्हणजे टाइप करताना खाली कार्बन घालून काढलेल्या प्रती. अक्षरं फुगलेली, ई आणि ओ एकसारखे. मोबाइलवर तर डोळे फुटतात. कित्येक आठवडे मी उत्तरं सोडून फक्त आलेली पत्रं वाचत होतो.

मग बाबासाहेबांचं पत्र सापडलं. तारीख नाही, सूचीत 'जुलै १९४६ च्या सुमारास' अशी नोंद. आपली भेट झालेली नाही, पण नावानं ओळखतो, असं सांगून त्यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागितल्यात. भारतातले अस्पृश्यही तसाच अर्ज करण्याच्या विचारात आहेत, म्हणून. पुढे काय झालं ते कळायला उत्तर हवं, आणि ते मुंबईला रवाना झालेलं! ॲम्हर्स्टला राहिली ती ३१ जुलैची प्रत. नॅशनल निग्रो काँग्रेसचं छोटं निवेदन सोबत जोडतो, एनएएसीपीचं (कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी तिथली संस्था) अधिक सविस्तर, पुराव्यांसह निवेदन झालं की तेही पाठवीन, असा मजकूर. हे सविस्तर निवेदन सादर व्हायला ऑक्टोबर १९४७ उजाडला.

तेव्हापासून मी आधी उत्तरंच उघडतो. कार्बनच्या कागदावर दमडी वाचवली नाही या माणसानं, आणि सगळ्या दफ्तरात मला आवडलेला खर्च तोच. बिलंही आता चाळतो.

वाचायला मोठा पडदा घ्या. छापून घेणार असाल तर काळ्या-पांढऱ्यात नको, पार्श्वभूमी काळी पडून पैसे वाया जातात. स्कॅन पुस्तकात वापरायचं असेल तर परवानगीचं आधी विचारून घ्या. फुकट आहे ते वाचणं.