मॉलमधला गेम झोन की मार्कंड्याची जत्रा?
गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीकडच्या कुटुंबाला मुलांना खेळायला न्यायचे असेल, तर नागपूरच्या मॉलमधला गेम झोन किंवा महाशिवरात्रीला वैनगंगेच्या काठी भरणारी मार्कंड्याची जत्रा, असे दोन पर्याय समोर येतात. नागपूरला जाण्यायेण्यातच दिवस सरतो. गेम झोनमध्ये बहुधा काउंटरवर कार्डात पैसे भरावे लागतात, आणि कार्ड टेकवताना नोटा हातातून जाताना दिसत नसल्यामुळे खर्चाचा अंदाज हमखास चुकतो. आमच्या धाकट्याने बास्केटबॉलच्या यंत्रातून निघालेली तिकिटांची लांब पट्टी मुठीत घट्ट धरून काउंटरवर नेली, तेव्हा बदल्यात एक खोडरबर मिळाले. त्याला मात्र त्याचे कोण कौतुक! ट्रॅम्पोलिनसाठी लागणाऱ्या मोज्यांचे पैसे निराळे.

जत्रेत आकाशपाळण्याचे पैसे रोख मोजून द्यायचे, आणि देवदर्शनाच्या निमित्ताने आजीही सोबत येते. धूळ भरपूर असते, आणि पाळण्याच्या आडव्या दांडीची कडी नीट लागली आहे का, हे आपणच पाहून घ्यावे लागते. तरीही लहान मुलांसाठी मी जत्राच निवडीन. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की मात्र गेम झोनची थंड हवाच बरी वाटते.