'ओव्हरथ्रो' की 'द ब्लड टेलिग्राम'?

अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर टीकात्मक इतिहास वाचायचाय, पण सुरुवात स्टीफन किंझरच्या 'ओव्हरथ्रो'पासून करावी की गॅरी बासच्या 'द ब्लड टेलिग्राम'पासून, असा पेच अनेकांना पडतो.

आवाका बघा. किंझर १८९३च्या हवाईपासून २००३च्या इराकपर्यंत अमेरिकेने घडवलेले १४ सत्तापालट घेतो. बास जवळपास एकाच वर्षावर थांबतो: १९७१, पूर्व पाकिस्तान (आजचा बांगलादेश).

खरा फरक पुराव्यात आहे. किंझर पत्रकार, इराण १९५३, ग्वाटेमाला १९५४ ही प्रकरणं तो झपाट्याने सांगतो, पण प्रत्येकाला जागा थोडी. बास मात्र व्हाइट हाउसमधल्या ध्वनिफितींवर उभा आहे. ६ एप्रिल १९७१ला ढाक्याच्या अमेरिकन वकिलातीतल्या २० अधिकाऱ्यांनी, पाकिस्तानी लष्कराच्या अत्याचारांवर गप्प राहणाऱ्या आपल्याच सरकारविरुद्ध तार पाठवली. तिथला प्रमुख, कॉन्सल जनरल आर्चर ब्लड याने तिला पाठिंबा दिला आणि त्याची किंमत मोजली. राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर खासगीत इंदिरा गांधींबद्दल काय बोलत होते, हे त्यांच्याच शब्दांत वाचताना संताप येतो, आणि यायलाच हवा.

मेहनत? किंझर सुटा सुटा वाचता येतो. मात्र सलग वाचला तर सगळे देश एकाच साच्यातले वाटू लागतात आणि स्थानिक राजकारण नजरेआड होतं. म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटचं परिणामांवरचं प्रकरण टाळू नका. बासला सलग बैठक लागते. तारखा टिपून ठेवा.

स्पर्धा परीक्षेसाठी किंवा पहिल्या ओळखीसाठी किंझर. निर्णय आतून कसे होतात हे समजून घ्यायचं असेल, किंवा बांगलादेश युद्धात रस असेल, तर थेट बास.