विचार करायला शिकवायचं: वेगळ्या तासाला की वर्कशॉपमध्येच?

व्यवसाय अभ्यासक्रमाच्या मुलांना प्रॉब्लेम-सॉल्व्हिंग शिकवायला हवं, यावर स्टाफरूममध्ये कुणाचं दुमत नसतं. वाजतं ते टाइमटेबल लावताना. आठवड्याला एक वेगळा तास ठेवायचा, की ज्याने त्याने आपल्या प्रॅक्टिकलमध्येच ते बसवायचं? मी दोन्ही करून पाहिलंय. माझा विषय इलेक्ट्रिकल, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील. नर्सिंग किंवा अकाउंट्सवाल्यांनी आपापली घालून घ्यावीत.

आधी वेगळ्या तासाबद्दल, कारण त्याला उगाच नावं ठेवली जातात. तो लावायला सोपा. एकाने तयार केलेलं साहित्य दुसऱ्याला वापरता येतं, पेपर काढता येतो, मार्क देताना वाद होत नाहीत. नोकरीच्या निवडीत अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट असेल तर या तासाचा थेट उपयोग होतो. शिवाय चांगली चौकट आयती मिळते. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने 1945 मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या (प्रश्न समजून घ्या, योजना करा, ती अमलात आणा, मागे वळून तपासा) अजूनही फळ्यावर लिहाव्यात अशाच आहेत. व्हिम्बी आणि लॉकहेड यांची जोडीने सोडवायची पद्धतही या तासाला मस्त चालते: एकाने मनातला विचार मोठ्याने बोलत सोडवायचं, दुसऱ्याने उत्तर न सांगता फक्त 'हे कशावरून?' विचारत राहायचं. एरवी तोंड न उघडणारी मुलंही यात बोलू लागतात.

मग माझं बिनसलं कुठे? तासाला भराभर कोडी सोडवणारा मुलगा प्रॅक्टिकलला येतो. पंपाच्या मोटारचं स्टार्ट बटण दाबलं तरी कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज मिळाली की ओढून मोटारला वीज जोडणारा स्विच) ओढत नाही. पठ्ठ्या पहिलं काय करतो, तर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कॉन्टॅक्टर खोलतो. नवा बसवतो, तोही ओढत नाही. मग बटण बदलतो. मीटर शेजारी पडलेला. बटण दाबून धरून कॉइलच्या ए-1 आणि ए-2 टर्मिनलवर व्होल्टेज पाहिलं असतं, तर एका रीडिंगमध्ये अर्धं सर्किट संशयातून सुटलं असतं. व्होल्टेज आहे आणि तरी ओढत नाही, तर कॉइल किंवा कॉन्टॅक्टर बघ. व्होल्टेजच नाही, तर मागे जा. मागे गेल्यावर सापडतं की ओव्हरलोड रिले (मोटारने जादा करंट घेतला की सर्किट तोडणारा) ट्रिप झालाय आणि त्याचा 95-96 नंबरचा कॉन्टॅक्ट उघडा आहे. तरीही गोष्ट संपत नाही. ट्रिप का झाला? पंप जाम आहे की एक फेज गेलाय? नुसतं रीसेट दाबून निघून जाणाऱ्याला मी तरी फॉल्ट काढला म्हणणार नाही.

'पार्ट बदलून बघू सर', हे वाक्य ऐकून कान किटले. पोल्याच्या चार पायऱ्या त्याच मुलाच्या वहीत सुवाच्य अक्षरात, आणि वही दप्तरात. माझा कौल इथेच फिरला.

दोष मुलांचा आहे असं मला वाटत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसनचं 1966 चं चार पत्त्यांचं कोडं घ्या. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या, आणि नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या हवी, नियम तपासायला कोणते पत्ते उलटाल? भलेभले चुकतात. ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी 1982 मध्ये तोच तर्क दारू पिण्याच्या वयाच्या नियमात घातला, तर जवळपास तीन-चतुर्थांश विद्यार्थ्यांनी तो बरोबर सोडवला. तर्क तोच, पण ओळखीच्या कामात पाय टेकायला जागा मिळते.

वर्कशॉपमध्ये मी करतो ते साधं आहे. पॅनलमध्ये आधीच फॉल्ट घालून ठेवायचा आणि हत्याराला हात लावण्याआधी कागदावर तीन ओळी मागायच्या: काय दिसतंय, संशय कुणावर आणि का, कोणतं रीडिंग घेतलं की संशय कमी होईल. मार्कांचा मोठा वाटा त्या कागदाला. स्पेअर पार्टच्या कपाटाला कुलूप. पार्ट हवा असेल तर आधी रीडिंग दाखव. पहिले काही दिवस कुरकुर होते, नंतर मुलं एकमेकांनाच 'रीडिंग घेतलंस का?' विचारू लागतात.

यालाही किंमत आहेच. पोर्शन मागे पडतो. शिक्षकाला उत्तर माहीत असून गप्प बसावं लागतं, आणि ते सगळ्यांना जमत नाही. अगदी नवख्या मुलांना थेट फॉल्टवर सोडणंही बरं नव्हे. स्वेलर आणि कूपर यांनी 1985 मध्ये बीजगणितात दाखवलं होतं की नवशिक्यांना सोडवून दाखवलेल्या उदाहरणांचा जास्त फायदा होतो. म्हणून सुरुवातीला मी स्वतः मोठ्याने विचार करत फॉल्ट काढून दाखवतो.

'प्रॅक्टिकल केलं की डोकं आपोआप चालतं' म्हणणाऱ्यांच्या बाजूने मात्र मी नाही. अब्रामी आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये चिकित्सक विचारावरचे 117 अभ्यास एकत्र तपासले. त्यात विचारपद्धतीचं नावही न घेता ती विषयात नुसती मुरवण्याचा परिणाम सर्वांत कमी निघाला, आणि स्वतंत्र शिकवणं व विषयातला वापर यांची सांगड सर्वांत वरचढ ठरली. म्हणजे तागडी पूर्णपणे माझ्या बाजूने झुकत नाही, हे कबूल. पण दोन्हींपैकी एकच परवडणार असेल, तर मी वर्कशॉप घेईन आणि पायऱ्यांची नावं तिथल्याच भिंतीवर लावीन.

तुमच्याकडे शिक्षक वारंवार बदलत असतील किंवा प्रॅक्टिकलला मुलांची गर्दी असेल, तर वेगळा तासच बरा. तो निदान बुडत तरी नाही. फक्त तो प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी लावून घ्या, आणि कोड्यांच्या जागी दुसऱ्या दिवशीच्या पॅनलचं ड्रॉइंग मुलांच्या हातात द्या.