वस्तूंची यादी: पानं, ‘आणखी दाखवा’ की न संपणारा स्क्रोल?

ऑनलाइन दुकानाच्या साइटवर शेकडो वस्तू असल्या की यादी कशी तोडायची हा प्रश्न येतोच. पर्याय तीन: १, २, ३ अशा आकड्यांची वेगवेगळी पानं, यादीखाली ‘आणखी दाखवा’ हे बटण, किंवा खाली सरकू तसतशा नव्या वस्तू आपोआप येत राहणारा न संपणारा स्क्रोल. आता थेट फरकाकडे येतो.

न संपणारा स्क्रोल दुकानासाठी मी तरी सुचवणार नाही. निवांत फोटो चाळायला तो छान आहे. पण परतीचे नियम आणि संपर्क बहुधा फूटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळाच्या पट्टीत असतात, आणि ग्राहक तिथे पोहोचतो न पोहोचतो तोच नव्या वस्तू येऊन फूटर आणखी खाली जातो. माउसऐवजी कीबोर्डवरची टॅब कळ दाबत पुढे सरकणाऱ्याला तर तळ सापडतच नाही.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे. वरवर पाहता ‘आणखी दाखवा’ सरस वाटतं. आधीच्या वस्तू पडद्यावर राहतात, तुलना सोपी होते, आणि फोनवर एकच मोठं बटण अंगठ्याला सहज सापडतं. पानांचे आकडे मात्र अनेकदा इतके बारीक असतात की ३ दाबायला जावं आणि ४ उघडावं. डब्ल्यूसीएजी २.२ या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये अशा दाबायच्या जागेसाठी किमान २४ × २४ सीएसएस पिक्सेल (वेब पानावरचं मापाचं एकक) सांगितले आहेत. फोनसाठी ४४ धरलेले बरे.

माझ्यासाठी पारडं फिरलं ते ब्राउझरच्या बॅक बटणामुळे. ग्राहकाने ‘आणखी दाखवा’ तीनदा दाबून ९६ वस्तू उघडल्या, नव्वदावी पाहिली, पटली नाही म्हणून मागे आला, आणि यादी पुन्हा पहिल्या २४ वर. परत तीनदा दाबून ती जागा शोधण्याचा धीर फार थोड्यांना असतो.

यावर उपाय आहे, पण तो नेटाने करावा लागतो. दर वेळी बटण दाबल्यावर वेब-पत्त्यातला पानाचा क्रमांक बदलायचा, आणि तोही ब्राउझरच्या इतिहासात नवी नोंद वाढवणाऱ्या पुशस्टेट या आज्ञेने नाही, आहे तीच नोंद बदलणाऱ्या रिप्लेसस्टेटने. नाहीतर यादीतून बाहेर पडायला बॅक चारदा दाबावं लागतं. परतल्यावर त्या क्रमांकापर्यंतच्या सगळ्या वस्तू एकदम आणायच्या आणि मगच स्क्रोल जागेवर न्यायचा. चित्रांची रुंदी-उंची आधी दिलेली नसेल तर चित्रं उतरताना जागा पुन्हा सरकते. ब्राउझर कधीकधी आख्खं पान जसंच्या तसं परत देतो खरा, पण फोनची मेमरी कमी पडली की ते टाकून देतो. त्याच्यावर विसंबू नये.

शिवाय गूगलचा क्रॉलर, म्हणजे शोधासाठी साइटी वाचत फिरणारा प्रोग्राम, बटणं दाबत बसत नाही, दुव्यांमागे जातो. म्हणून ‘आणखी दाखवा’च्या मागे दुसऱ्या पानाचा खरा दुवा हवाच. फोकसही (कीबोर्डने सध्या निवडलेली जागा) नव्याने आलेल्या पहिल्या वस्तूवर न्यायला हवा, नाहीतर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं साधन, वापरणाऱ्याला काही बदललं हेच समजत नाही.

पानांमध्ये यातलं बरंचसं आपोआप मिळतं, कारण प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता असतो. बॅक चालतं, दुवा दुसऱ्याला पाठवता येतो. अर्थात पानांच्याही खोडी आहेत. सातव्या पानावर असताना फिल्टर लावला आणि क्रमांक तसाच राहिला, तर ‘एकही वस्तू नाही’ असं खोटंच दिसतं. फिल्टर किंवा क्रम बदलला की पहिल्या पानावर आणावंच. ‘नवे आधी’ या क्रमात मधेच एखादी वस्तू वाढली तर पहिल्या पानावरची शेवटची वस्तू दुसऱ्या पानावर पुन्हा दिसते. पानावर २४ वस्तू ठेवल्या तर एका ओळीत दोन, तीन किंवा चार अशा नीट बसतात, शेवटची ओळ अर्धी राहत नाही.

हाताशी कायम डेव्हलपर असेल आणि प्रत्येक बदलानंतर बॅक तपासून पाहिलं जाणार असेल, तर ‘आणखी दाखवा’ खुशाल घ्यावं. सोबत ‘३१० पैकी ९६’ असा आकडा दाखवावा. साइट एकदा बनवून फारशी हात न लावता चालवायची असेल, तर माझा कल पानांकडेच आहे, फक्त फोनवर आकड्यांची रांग न लावता ‘मागील’ आणि ‘पुढील’ ही दोन ठसठशीत बटणं द्यावीत.