गोळ्याचं मशीन घेताय? खोक्यावरचा ‘स्नो’ नीट पाहा

बडोद्यात पारा चाळिशी ओलांडायला लागला की घरगुती गोळा मशिनांची विक्री वाढते आणि पाठोपाठ तक्रारही ठरलेली: बर्फ रेतीसारखा येतो, लारीवाल्यासारखा मऊ होत नाही. यात मशीन बिघडलेलं नसतं. भलतंच मशीन घरी आलेलं असतं.

खोक्यावर ‘स्नो कोन’ आणि ‘स्नोबॉल’ हे शब्द शेजारी शेजारी छापलेले असतात, जणू दोन्ही एकच. अमेरिकेत हे दोन वेगळे पदार्थ आहेत. स्नो कोन म्हणजे फोडलेला, दाताखाली कुरकुरणारा बर्फ. डॅलसच्या सॅम्युएल बर्टने १९१९ च्या सुमारास टेक्सासच्या जत्रेत तो विकला आणि पुढे बर्फ फोडायचं यंत्रही बनवलं. स्नोबॉल न्यू ऑर्लिन्सचा. तो तासलेला, भुसभुशीत. त्यासाठी तिथल्या अर्नेस्ट हॅन्सेनने १९३४ साली विजेवर चालणारं यंत्र तयार केलं. फोडलेल्या बर्फातून सरबत तळाला उतरतं आणि वर पांढरे खडे उरतात. तासलेला बर्फ सरबत धरून ठेवतो.

बाजारात मशिनं दोन प्रकारची. पहिलं विजेचं: वरून फ्रीजचे क्यूब टाकायचे, झाकण दाबलं की फिरत्या चकतीवरची दोन पाती ते फोडतात. हे स्नो कोनचं मशीन. पेल्यात कालाखट्टा घालून चमच्याने खायला उत्तम, मुलं खूश. पण काडीवर गोळा बांधायला गेलात तर खडे एकमेकांना धरत नाहीत, गोळा पहिल्याच चोखण्यात सुटतो. मोटर लहान असते, सलग चालवली की तापते. दोन-तीन पेले झाले की थांबावं.

दुसरं हँडलचं. गोल लादी वरच्या खिळ्यांच्या चकतीत अडकवायची, हँडल फिरवलं की ती खालच्या पात्यावर घासत फिरते. लारीवरच्या रंध्याचीच ही धाकटी जात, आणि डिश गोळ्यासाठी, म्हणजे काडीऐवजी डिशमध्ये खायच्या मऊ गोळ्यासाठी, आमचं मत हिलाच. पातं वरखाली करायचा स्क्रू आहे की नाही ते दुकानातच बघा. नसेल तर घेऊ नका. मऊ बर्फासाठी पात्याची धार पोस्टकार्डाच्या जाडीइतकीच वर हवी. काडीच्या गोळ्याला किंचित जास्त. तळाचे रबरी पाय ओट्यावर सरकतात, खाली ओलं फडकं घाला. आतले गिअर प्लॅस्टिकचे असतील तर हँडल जोरात झटकू नका, दाते तिथेच झिजतात.

आता बर्फ, कारण अर्धं काम त्याचंच. फ्रीझरमधून काढलेली उणे १८ अंशांची लादी ठिसूळ असते. पातं तिला तासत नाही, तिचा चुरा करतं. वरचा पांढरा कोरडेपणा जाऊन ती ओली, चकचकीत दिसेपर्यंत थांबायचं. मे महिन्यात पाचेक मिनिटं पुरतात. साच्यात पाणी काठोकाठ भरू नका: गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि साचा तडकतो. मधोमध हवेचे बुडबुडे असलेला भाग पात्याखाली फुटतो. काचेसारखी लादी हवी असेल तर साचा थर्माकोलच्या खोक्यात, वरून उघडा ठेवा. पाणी वरून खाली गोठतं, बुडबुडे तळाशी ढकलले जातात, तो तळ फोडून टाका. बाहेरून लादी आणणार असाल तर निळसर छटेची नको. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून २०१८ पासून त्यात निळा रंग घालायचा नियम आहे.

सरबताला १ किलो साखर, ६५० मिली पाणी. एक उकळी, गाळा, गार करा आणि मग फ्रीजमध्ये. इथे बहुतेक जण घाई करतात. खोलीच्या उष्णतेचं सरबत मऊ बर्फात थेट विहीर खणतं, वरचा डोंगर बसतो आणि गोळ्याचा पन्हं-वजा काला होतो. आधी अर्धा बर्फ, थोडं सरबत, मग उरलेला बर्फ, पुन्हा सरबत. २०० ग्रॅम बर्फाला ६० मिली पुरे. रबडी किंवा मलाई सगळ्यात शेवटी, आणि तीही गार. खंडेराव मार्केटातून आणलेल्या कैरीचं सरबत करायचं असेल तर गर बारीक चाळणीतून गाळा, रेषा वरच अडकून राहतात.

धार गेली की बर्फ भुकटी होऊन उडतो आणि हँडल जड लागतं. पात्याला एकाच बाजूने उतार असतो, तीच बाजू दगडावर घासा. दोन्हीकडून घासलं तर पातं वाया. वापर झाल्यावर पुसून, खाण्याच्या तेलाचा हात फिरवून ठेवा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात पहिला गोळा गंजाच्या रंगाचा निघेल.