शब्द नसलेले वॉशिंग मशीन: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेल्या या फ्रंट लोड मशीनविषयी आजवर लिहिण्यासारखे काही घडले नव्हते. कपडे स्वच्छ निघतात, आवाज बेताचा आहे, पाणीही कमी लागते. मात्र गेल्या आठवड्यात ते धुलाईच्या मध्येच थांबले आणि नळ पूर्ण उघडा असताना पॅनलवर नळाचे चित्र लुकलुकू लागले. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने येऊन पाण्याच्या नळीमागची बारीक जाळी काढली, टँकरच्या पाण्याचा गाळ झटकला आणि वॉरंटी चालू असूनही ही सफाई तिच्यात बसत नाही म्हणून ५०० रुपये घेतले. पॅनलवर ‘जाळी तपासा’ एवढे लिहिले असते, तर हा भुर्दंड पडला नसता.

मुळात या मशीनवर एकही शब्द नाही. पावडरच्या खणात रोमन एक, रोमन दोन आणि एक फूल आहे. पावडर पहिल्या कप्प्यात घालावी असे कोणालाही वाटेल. पण तो कप्पा मुख्य धुण्याआधीच्या धुण्यासाठी असल्याने नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये तिथली पावडर तशीच कोरडी राहते. फूल म्हणजे सुगंध, या सरळ तर्काने सासूबाईंनी त्यात लिक्विड साबण ओतला. तो कप्पा फॅब्रिक कंडिशनरचा असून शेवटच्या खळबळणीतच रिकामा होतो, त्यामुळे कपडे फेसासकट बाहेर आले.

एवढे झाल्यावर सगळीच चित्रे निरुपयोगी ठरवून मी मोकळा होणार होतो. परंतु आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींमुळे ते मत बदलावे लागले. त्यांना मराठी वाचता येते, इंग्रजी नाही. जुन्या मशीनवरच्या इंग्रजी शब्दांसाठी त्या दर वेळी आम्हाला हाक मारत. आता पाण्याच्या टबातला हात आणि लोकरीचा गुंडा त्या बिनचूक निवडतात, कारण टबातला तोच हात कपड्यांच्या लेबलवरही असतो. लेबलवरच्या खुणांमागे व्यवस्था आहे: १९६३ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेली जिनेटेक्स ही संस्था त्या सांभाळते आणि आयएसओ ३७५८ या मानकात त्यांचे नियम आहेत. टब धुण्याचा, त्रिकोण ब्लीचचा, चौकोन वाळवण्याचा. इस्त्रीतले ठिपके वाढले की उष्णता वाढवता येते. एकदा शिकले की कोणत्याही कंपनीच्या सदऱ्यावर ते वाचता येते. मशीनवरचे पान आणि घड्याळ यांचे अर्थ मात्र माहितीपुस्तिकेतच शोधावे लागतात.

म्हणून रोजच्या प्रोग्रॅमच्या चित्रांबद्दलची तक्रार मी मागे घेतो; बिघाडाच्या चित्रांबद्दलची कायम आहे. बंद नळ, पाण्याचा कमी दाब आणि तुंबलेली जाळी या तिन्हींसाठी एकच नळ दाखवायचा, एकच पॅनल सगळ्या देशांत खपवून छपाईचा खर्च वाचवायचा आणि उलगडा करण्याचे पैसे ग्राहकाकडून घ्यायचे, हा व्यवहार मला मान्य नाही. खणाच्या कप्प्यांवर मी मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत.

पाचांपैकी तीन तारे. टँकरचे पाणी येत असेल, तर अधूनमधून प्लग काढून नळ बंद करावा, मशीनमागची नळी सोडवावी आणि जाळी पकडीने अलगद ओढून जुन्या टूथब्रशने धुवावी. त्यासाठी कोणाला बोलावण्याची गरज नाही.