लघवीची घाई: करंट डोक्याला द्यायचा की घोट्याला?

कोथरूडहून स्वारगेटला पोचेपर्यंत लघवी धरवत नाही. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते, पोट साफ होत नाही. अशा वेळी कुणीतरी मेंदूच्या स्टिम्युलेशनचं नाव काढतं. त्यात तथ्य आहे: ‘आत्ता नको’ हा हुकूम कपाळामागच्या भागातूनच सुटतो, आणि पार्किन्सन किंवा अर्धांगवायूत हा लगाम ढिला पडतो.

टीएमएस म्हणजे बाहेरून मेंदूला चेतवणं: डोक्याशी तारेची कॉइल धरून चुंबकीय ठोके देतात. चिरफाड नाही, भूल नाही. पण साधारण आठवड्यातून पाच दिवस, दोन-तीन आठवडे खेपा. लघवीसाठी झालेले अभ्यास लहान आहेत, कॉइल कुठे आणि किती हर्ट्झवर यावर एकमत नाही. फिट येत असेल, डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असेल, तर हा रस्ता बंदच समजा. कवटीला छिद्र पाडून मेंदूत तार बसवायची ती शस्त्रक्रिया, डीबीएस, पार्किन्सनसाठी. त्यात काहींचं मूत्राशय जास्त लघवी साठवू लागतं, पण निव्वळ लघवीसाठी ते करू नये.

घोट्याजवळच्या नसेला करंट देऊन मूत्राशय शांत करण्याचा पुरावा याहून भक्कम. क्लिनिकमध्ये आतल्या घोट्याच्या तीन बोटं वर बारीक सुई टोचतात, २० हर्ट्झचा करंट ३० मिनिटं, आठवड्यातून एकदा, १२ आठवडे. घरी करायचं तर टेन्स मशीन, म्हणजे त्वचेवर पॅड चिकटवून हलका करंट देणारं छोटं यंत्र: एक पॅड आतल्या घोट्यामागे, दुसरा १० सेंटीमीटर वर. करंट हळूहळू वाढवा. अंगठा आपोआप वळला की नस सापडली, मग किंचित कमी करा. नुसतं चुरचुरतं आणि अंगठा ढिम्म? पॅड हाडावर सरकला असेल, मागे घ्या. त्वचेवर तेल असेल तर पॅड नीट धरत नाही, आधी पाय साबणाने धुवा. पेसमेकर असेल किंवा गरोदर असाल तर मशीन लावू नका.

हे जमलं नाही तर माकडहाडाजवळच्या नसेचं इम्प्लांट. आधी तात्पुरती तार घालून एक-दोन आठवडे चाचणी घेतात. त्रास निम्म्याने उतरला तरच बॅटरी बसवतात.

आमचं मत स्पष्ट आहे: सुरुवात घोट्यापासून. त्याआधी जंतुसंसर्ग नाही ना, हे लघवीच्या तपासणीत बघा. रक्त दिसलं तर थेट यूरोलॉजिस्टकडे. तीन दिवस वहीत लघवीची प्रत्येक खेप, मापाने मोजलेली लघवी आणि चहाचे कप लिहा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही म्हणून मशीन कपाटात टाकू नका. बाराव्या आठवड्यात पुन्हा तीन दिवस लिहून दोन्ही पानं शेजारी ठेवा.